पावसात रीबूट झालेल्या डब्यांच्या सारख्याच कीज : ओएसच्या रँडम आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा?

कुळागर | सोम, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबणार आहे, पण गोव्यात नेटवर्कची कामं करणाऱ्या सगळ्यांनी वाचावा असं मनापासून वाटतंय म्हणून सविस्तर लिहितोय.

मी म्हापशाला असतो. कळंगुटपासून मांद्रे-हरमलपर्यंत होमस्टे आणि लहान हॉटेलांचं वायफाय, कॅमेरे, रिसेप्शनचा पीसी असली कामं बघतो. बऱ्याच ठिकाणी एकाच कंपनीचा (नाव मुद्दाम देत नाही, पुढे कळेल का ते) छोटा गेटवे डबा लावलेला आहे, आत लिनक्स, बाहेरून एसएसएच (दुरून डब्यात शिरायचा सुरक्षित रस्ता) आणि वेब पॅनल. जूनमध्ये लाइटची जा-ये सुरू झाली तेव्हा नवीन लॅपटॉपवरून सगळे डबे परत जोडून घेत होतो. मांद्र्याच्या डब्याला जोडायला गेलो तर एसएसएच क्लायंटच सांगतो, ही की (डब्याची ओळख पटवणारी किल्ली) तुमच्याकडे आधीच दुसऱ्या पत्त्याच्या नावावर आहे. तो दुसरा पत्ता कळंगुटच्या डब्याचा. आयपी तपासले, दोन्ही बरोबर. कीचा फिंगरप्रिंट, म्हणजे तिचा छोटा ठसा, अक्षर न अक्षर सारखा.

कंपनीला विचारलं तर म्हणे फॅक्टरी रीसेट मारा, पहिल्या बूटला नवीन की तयार होते. मारला. मांद्र्याची की खरंच बदलली, पण ती बदललेली की शिवोलीच्या डब्याच्या कीशी जुळली! म्हणजे फर्मवेअरमध्ये एकच की भरून ठेवलीय असंही नाही, प्रत्येक डबा स्वतः की बनवतोय आणि तरी दोघांची एकच येतेय. २०४८ बिटांची की दोन डब्यांत योगायोगाने सारखी येणं शक्यच नाही ना? मग हे होतंय कसं?

तांबडी माती | सोम, रात्री ११:०५

योगायोगाने शक्य नाही, बरोबर. की रँडम आकड्यांतून बनते. तुझा डबा रँडम आकडा काढतोय असं त्याला वाटतंय, पण काढत नाहीये. तीन गोष्टी सांग. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कुठला? आत घड्याळासाठी बॅटरी आहे का, म्हणजे लाइट जाऊन आल्यावर तारीख काय दाखवतो? आणि की बनते ती नेटवर्क चालू व्हायच्या आधी की नंतर?

तोवर थोडी पार्श्वभूमी देतो. कॉम्प्युटर हा मुळात ठरलेल्या वाटेने जाणारा प्राणी, तेच इनपुट दिलं तर तेच आउटपुट येणार. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम बाहेरच्या अनिश्चित घटना गोळा करते, कीबोर्डची बटणं कधी दाबली, डिस्कला उत्तर द्यायला किती वेळ लागला, इंटरप्ट नेमक्या कुठल्या क्षणी आला वगैरे. ही जमवलेली अनिश्चितता, म्हणजे एन्ट्रॉपी, एका पूलमध्ये घुसळायची आणि त्यातून सीड, म्हणजे सुरुवातीचा आकडा, काढून पुढे क्रिप्टोच्या अल्गोरिदमने हवे तितके आकडे काढायचे. लिनक्समध्ये हे थिओडोर त्सो यांनी १९९४ मध्ये लिहिलं, तेव्हापासून /डेव्ह/रँडम आणि /डेव्ह/युरँडम या आकडे मागायच्या दोन जागा आपल्याकडे आहेत. आजच्या कर्नलमध्ये पुढचा भाग चाचा२० नावाचा सायफर सांभाळतो आणि त्या गणितात सध्या कुणी भोक पाडलेलं नाही. भोकं पडतात ती सीडमध्ये. सीड अंदाज करण्यासारखं असेल तर वर कितीही भक्कम सायफर ठेवा, काही उपयोग नाही.

चवथीच्या रात्री पत्ते खेळतो तेव्हाचं उदाहरण घे. सगळ्या घरांत दुकानातून आलेला नवा कॅट, सगळे पत्ते एकाच क्रमाने लावलेले, आणि प्रत्येक घरात तो अगदी त्याच पद्धतीने तेवढाच पिसला, तर सगळ्या घरांत डाव सारखाच पडणार. तुझे डबे तेच करतायत असा माझा अंदाज आहे.

फोंडेकर | मंगळ, सकाळी ७:४८

हे वाचून एकदम २००८ आठवलं. तेव्हा मी फर्मागुडीला इंजिनिअरिंगला होतो आणि डेबियन हे आमच्यासाठी सगळ्यात भरवशाचं लिनक्स. १३ मे २००८ ला जाहीर झालं की डेबियनच्या ओपनएसएसएल या क्रिप्टोच्या लायब्ररीमधून सप्टेंबर २००६ पासून बनलेल्या सगळ्या कीज कचरा आहेत. लुसियानो बेल्लो यांनी ते शोधलं होतं.

झालं काय होतं तर व्हॅलग्राइंड नावाचं टूल तक्रार करत होतं की कोड न भरलेली मेमरी वाचतोय. ती तक्रार बंद करायला मेंटेनरने सारख्या दिसणाऱ्या दोन ओळी काढल्या. त्यातली एक खरंच बिनमहत्त्वाची होती, पण दुसरी ओळ हीच होती जिच्यातून सगळी एन्ट्रॉपी पूलमध्ये जात होती. ती गेल्यावर उरलं काय, तर फक्त प्रोसेस आयडी (चालू प्रोग्रामचा क्रमांक), तो जास्तीत जास्त ३२,७६८. म्हणजे एका जातीच्या प्रोसेसरवर एका प्रकारच्या आणि एका आकाराच्या कीसाठी सगळ्या जगात मिळून तेवढ्याच शक्यता. लोकांनी एका बैठकीत सगळ्या कीज बनवून यादीच टाकली नेटवर.

पावणेदोन वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नाही कारण सगळं चालत होतं! एसएसएच जोडत होतं, वेबसाइटला कुलूप दिसत होतं, एकही एरर नाही. आणि नुसतं डेबियन अपडेट करून भागलं नाही, कारण तिथे बनवलेल्या कीज लोकांनी रेड हॅटवर, बीएसडीवर, कुठे कुठे नेऊन ठेवल्या होत्या. डीएसए (डिजिटल सहीची एक पद्धत) कीज तर त्याहून वाईट, की चांगल्या मशीनवर बनवलेली असली तरी त्या बिघडलेल्या डेबियनवर नुसती वापरली तरी ती गेली असं धरायचं होतं, कारण डीएसएला प्रत्येक सहीसाठी नवा गुप्त रँडम आकडा लागतो आणि तो ओळखता आला की प्रायव्हेट, म्हणजे गुप्त ठेवायची, की हातात.

दोडामार्ग रोड | मंगळ, सकाळी ९:३०

माहिती छान आहे सगळी. पण खरंच विचारतो, मांद्र्यातल्या चार खोल्यांच्या होमस्टेच्या डब्यामागे कोण लागणार? बँक असेल तर समजू शकतो.

कुळागर | मंगळ, दुपारी १:१५

@दोडामार्ग रोड, प्रश्न रास्त आहे, पण त्या चार खोल्यांत काय असतं बघ. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते, पासपोर्ट आणि व्हिसाचे स्कॅन रिसेप्शनच्या पीसीवर पडलेले असतात. त्या पीसीला दुरून जोडायचा रस्ता याच डब्यातून जातो. पाहुण्याने विश्वासाने दिलेला पासपोर्ट आहे तो, होमस्टे चार खोल्यांचा आहे म्हणून त्याची किंमत कमी होत नाही.

@तांबडी माती, कर्नल २.६ सिरीजचा निघाला. बॅटरी नाही, लाइट येऊन डबा उठला की तारीख १ जानेवारी १९७०, नेट आल्यावर बरोबर होते. आणि बूटचा लॉग बघितला तर की बनवायची स्क्रिप्ट नेटवर्कच्या आधी चालते.

तांबडी माती | मंगळ, रात्री ९:५०

मग झालंच. आता नीट सांगतो.

२०१२ मध्ये हेनिंगर, दुरुमेरिक, वुस्ट्रो आणि हॅल्डरमन या चौघांनी सगळं आयपीव्ही४ इंटरनेट स्कॅन केलं आणि टीएलएस (वेबसाइटच्या कुलपामागची पद्धत), एसएसएचच्या जेवढ्या पब्लिक कीज मिळाल्या तेवढ्या गोळा केल्या. @दोडामार्ग रोड, हे तुमच्या प्रश्नाचंही उत्तर आहे. असं स्कॅन करणारा कुठलाच डबा निवडत नाही, तो सगळ्यांनाच घेतो आणि जो कच्चा निघेल तो निघेल. पुढच्याच वर्षी झेडमॅप नावाचं टूल आलं, ते एका साध्या मशीनवरून गिगाबिट लाइनने पाऊण तासात सगळं आयपीव्ही४ फिरून येतं.

तर त्यांना टीएलएसच्या ०.५० टक्के होस्टच्या आरएसए प्रायव्हेट कीज मिळाल्या आणि एसएसएचच्या १.०३ टक्के होस्टच्या डीएसए प्रायव्हेट कीज. आत न शिरता, नुसत्या बाहेर दिसणाऱ्या माहितीवरून. त्यात बहुतेक सगळे राउटर, फायरवॉल, असेच बिनडोक्याचे डबे, मोठे सर्व्हर जवळजवळ नाहीतच.

कारण त्यांनी लिनक्सच्या कोडमध्ये शोधून दाखवलं. बूट होताना एक काळ असा असतो की पूलमध्ये अनिश्चित असं काहीच पोचलेलं नसतं. पीसीवर हा काळ लवकर संपतो. तुझ्या डब्यात कीबोर्ड नाही, फिरणारी डिस्क नाही, फ्लॅश आहे, घड्याळ दर वेळी १९७० ला उभं, आणि त्या जुन्या कर्नलमध्ये नेटवर्क कार्डच्या बऱ्याच ड्रायव्हरांचे इंटरप्ट एन्ट्रॉपीत धरलेच जात नव्हते. त्यात की बनवायची स्क्रिप्ट सगळ्यात आधी. /डेव्ह/युरँडम कधीच थांबत नाही, मागितलं की देतो, पूल रिकामा असला तरी देतो. म्हणून की तयार झाली, लॉगमध्ये सगळं ठीक.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि हीच लोक विसरतात. दोन कीज सारख्या आल्या हे तुझं नशीब म्हणून दिसलं. २०१२ च्या त्या संशोधनानंतर लिनक्समध्ये सुधारणा झाली की मॅक ॲड्रेस, सीरियल नंबर वगैरेही पूलमध्ये घालायचे. त्याने प्रत्येक डब्याचं आउटपुट वेगळं येतं, पण मॅक ॲड्रेस काय गुपित आहे? शेजारच्या खोलीतून दिसतो तो. म्हणून त्या सुधारणेत याला एन्ट्रॉपीचं श्रेय शून्य दिलं, आणि ते बरोबरच केलं. की वेगळी दिसते म्हणून ती सुरक्षित आहे असं कृपया कुणी समजू नका.

आणि वेगवेगळ्या दिसणाऱ्या आरएसए कीजची एक भयंकर गंमत आहे. आरएसएची पब्लिक की म्हणजे दोन मोठ्या मूळसंख्यांचा गुणाकार. समज दोन डबे सारख्याच अवस्थेतून निघाले, दोघांनी पहिली मूळसंख्या तीच काढली, तेवढ्यात एकाच्या घड्याळाचा सेकंद पुढे सरकला किंवा एक पॅकेट आलं आणि दुसरी मूळसंख्या वेगळी झाली. आता दोघांचे गुणाकार वेगळे, फिंगरप्रिंट वेगळे. पण दोन्ही आकडे शेजारी ठेवून मसावि काढला की सामाईक मूळसंख्या बाहेर! शाळेत पाचवी-सहावीत शिकतो तोच युक्लिडचा मसावि. एकट्या २०४८ बिटांच्या आकड्याचे अवयव आजच्या कॉम्प्युटरला पाडता येत नाहीत, पण अशी जोडी मिळाली की डोळ्याची पापणी लवायच्या आत दोन्ही कीज फुटतात. तुझ्या सगळ्या डब्यांच्या वेब पॅनलची सर्टिफिकेटं गोळा कर, पब्लिकच असतात ती, आणि पायथनच्या मॅथ डॉट जीसीडीने प्रत्येक जोडी तपास. १ सोडून दुसरं काही उत्तर आलं तर लगेच सांग.

म्हादई | बुध, सकाळी १०:२०

खूप छान चाललाय धागा. मी पर्वरीला एका छोट्या कंपनीत सर्व्हर बघते. मला कायम सांगितलं गेलं की कीज बनवताना /डेव्ह/रँडम वापर, युरँडम कच्चा. पण रँडम वापरलं की व्हर्च्युअल मशीनवर तासन्‌तास अडकून बसायचं, मग कुणीतरी सांगितलं हॅवेज्ड (पूल भरणारा प्रोग्राम) टाक. यातलं आज खरं काय?

तांबडी माती | बुध, रात्री ८:३५

@म्हादई ताई, तो सल्ला चुकीच्या जागी बोट ठेवणारा होता असं माझं स्पष्ट मत आहे. पूल एकदा नीट भरला की दोन्हीकडून येणारे आकडे सारखेच चांगले. जुना /डेव्ह/रँडम एन्ट्रॉपी खर्च झाली असा हिशोब ठेवून थांबायचा, पण २५६ बिटांचं चांगलं सीड मिळाल्यावर ते वापरून संपत नाही. खरा प्रश्न एकच, पूल पहिल्यांदा भरला का. तेवढ्यासाठी थांबणारं आणि नंतर कधीच न थांबणारं काहीतरी हवं होतं, ते २०१४ मध्ये लिनक्स ३.१७ ला गेटरँडम या सिस्टिम कॉलच्या रूपात आलं. ५.६ पासून, म्हणजे २०२० पासून, /डेव्ह/रँडमही तसंच वागतो. त्यामुळे आजच्या कर्नलवर हॅवेज्डची गरज नाही.

पण थांबायला लावलं की दुसरी अडचण येते. २०१९ मध्ये ५.३ च्या तयारीत एक्स्ट४ फाइलसिस्टिममध्ये सुधारणा केली, बूटला डिस्कची वाचनं कमी झाली. डिस्क कमी वाचली म्हणून इंटरप्ट कमी आले, इंटरप्ट कमी म्हणून एन्ट्रॉपी कमी, आणि लॉगिन स्क्रीनच्या आधी गेटरँडमवर मशीन थांबून राहिलं! फाइलसिस्टिम वेगवान केली आणि काही मशिनी बूटच होईनात. लिनस टोरवाल्ड्स यांनी आधी ती सुधारणा मागे घेतली आणि ५.४ मध्ये असं केलं की पूल रिकामा असताना कुणी थांबला तर सीपीयूच्या टायमिंगमधल्या सूक्ष्म फरकांतून कर्नल स्वतःच एन्ट्रॉपी तयार करेल.

आपल्या मशीनवर बघायचं असेल तर डीमेसेगमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, सीआरएनजी शब्द शोधायचा, इनिट डन किती सेकंदांनी आलं ते दिसतं. त्याच्या आधी अनइनिशियलाइज्ड युरँडम रीड अशी ओळ असेल तर कुठल्या प्रोग्रामने रिकाम्या पूलमधून घेतलं तेही तिथेच लिहिलेलं असतं. ती ओळ दिसली तर दुर्लक्ष करू नका.

आगोंदचा वारा | बुध, रात्री १०:१०

प्रोसेसरमध्येच रँडमची सूचना असते ना, आरडीरँड? मग हे सगळं कशाला?

फोंडेकर | गुरू, सकाळी ७:३०

असते, पण एकट्या तिच्यावर विसंबू नये. २०१९ मध्ये एएमडीचे रायझन ३००० आले तेव्हा सुरुवातीच्या बायोसवर आरडीरँड दर वेळी सगळे बिट १, म्हणजे एफएफएफएफ असाच आकडा देत होता आणि वर सांगत होता की काम यशस्वी. बूटच्या वेळी बाकीचे प्रोग्राम सुरू करणारा सिस्टिमडी त्यावर अडकून बऱ्याच लोकांचं लिनक्स बूट होईना, शेवटी बायोस अपडेटने सुटलं. लिनक्स कर्नल ही सूचना इतर स्रोतांत मिसळतो, एकटी वापरत नाही. २०१३ नंतर तर कुणाला समजावून सांगावं लागू नये, ड्युअल ईसी हा नुसत्या शंकेचा विषय राहिला नाही त्या वर्षी. तो अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने मान्य केलेला जनरेटर, त्यात मागचं दार असू शकतं हे शुमो आणि फर्ग्युसन यांनी २००७ मध्येच क्रिप्टो परिषदेत दाखवलं होतं, स्नोडेन यांनी फोडलेली अमेरिकी हेरखात्याची कागदपत्रं आल्यावर निस्टने तो वापरू नका सांगितलं आणि २०१४ मध्ये काढून टाकला.

आणि हे फक्त लिनक्सचं दुखणं नाही. २००७ मध्ये डोरेनडॉर्फ, गुटरमन आणि पिंकस यांनी विंडोज २००० चा जनरेटर उलगडून बघितला. त्याची अवस्था प्रोग्रामच्या स्वतःच्या मेमरीत राहायची आणि १२८ केबी आउटपुट दिल्याशिवाय नवीन एन्ट्रॉपी यायचीच नाही. त्यातही वाईट म्हणजे एकदा ती अवस्था हाती लागली की मागे दिलेले आकडेही काढता यायचे. एक्सपीलाही तेच लागू होतं, सर्व्हिस पॅक ३ मध्ये दुरुस्त झालं. नेटबीएसडी ६.० मध्ये तर एक कंस चुकीच्या जागी पडला आणि एन्ट्रॉपी कमी असेल तेव्हा सीडचे मोजकेच बाइट भरले जायचे. २०१५ मध्ये उघड झालं की फ्रीबीएसडीच्या डेव्हलपमेंट ब्रँचवर जवळपास चार महिने जनरेटरला नीट सीडच मिळत नव्हतं, त्या काळातल्या सगळ्या कीज नव्याने करा असं सांगावं लागलं. हे सगळे आपापल्या कामात पट्टीचे लोक. रँडम बिघडलं की बाहेरून काहीच बिघडलेलं दिसत नाही, हाच त्याचा धोका.

कुळागर | गुरू, रात्री ११:४०

मसावि काढला. वेब पॅनलच्या सर्टिफिकेटांचे फिंगरप्रिंट सगळे वेगवेगळे होते म्हणून मी ती ठीक धरून चाललो होतो. शिवोली आणि हरमलच्या डब्यांचा मसावि १ आला नाही. मोठा आकडा आला, भागून बघितला, दोन्ही कीजचे दोन्ही अवयव मोकळे. माझ्या साध्या लॅपटॉपवर, एन्टर दाबेपर्यंत. जेवण गेलं नाही नंतर.

आता करू काय? आणि अजून एक, लाइट तर रोज जातेय सध्या. प्रत्येक वेळी डबा उठतो तेव्हा हा धोका परत येतो का, की फक्त पहिल्या बूटला?

तांबडी माती | शुक्र, सकाळी ६:५५

आधी तातडीचं. या डब्यांवर कीज बनवूच नकोस. तुझ्या लॅपटॉपवर, ज्याचा कर्नल नवा आहे, तिथे प्रत्येक डब्यासाठी वेगळी एसएसएच की आणि वेगळं सर्टिफिकेट बनव आणि चढव. पासवर्डने लॉगिन होत असेल तर पासवर्ड सगळे बदल, पण नवी की चढवल्यानंतर, आधी नाही. होस्ट की ज्याच्याकडे आहे तो मधे बसून तुझा डबा असल्याचं सोंग करू शकतो, पासवर्ड त्याच्याच हातात टाइप होईल. शक्य तिथे पासवर्ड बंद करून की-लॉगिन ठेव. व्हीपीएनच्या कीज डब्यावरच बनल्या असतील तर त्याही बदल.

लाइटबद्दल. साठवलेली की तीच राहते, पण प्रत्येक जोडणीला लागणारे तात्पुरते आकडे दर बूटनंतर नव्याने लागतात, त्यामुळे प्रश्न दर वेळी येतो. यावर जुना उपाय सीड फाइलचा, बंद होताना पूलमधून थोडं काढून डिस्कवर ठेवायचं, उठल्यावर परत घालायचं. पण आपल्याकडे लाइट जाते तेव्हा डबा बंद होत नाही, मरतो. बंद होतानाची स्क्रिप्ट चालतच नाही. मग उठल्यावर तेच जुनं सीड परत वाचलं जातं, परत मेला की परत तेच. म्हणून बरोबर पद्धत अशी की उठल्यावर सीड वाचलं की त्याच क्षणी नवीन सीड लिहून जुनं पुसायचं. तुझ्या डब्याची फाइलसिस्टिम फक्त वाचता येणारी असेल तर तेही नाही.

हार्डवेअर चालत असेल तर त्यावर ओपनडब्ल्यूआरटी या राउटरांसाठीच्या लिनक्सची नवी आवृत्ती टाक, कर्नल नवा आहेच, शिवाय बूटलाच एन्ट्रॉपी गोळा करणारा युआरएनजीडी त्यात येतो. जे डबे चालणार नाहीत ते बदलायला लाव मालकांना. खर्च होईल, पण डब्यावर पाहुण्यांचे पासपोर्ट अवलंबून आहेत हे तूच लिहिलंस.

फोंडेकर | शुक्र, सकाळी ८:१५

आणि हे सर्ट-इनला, म्हणजे सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेला, कळव. मॉडेल, फर्मवेअर नंबर, दोन सारखे फिंगरप्रिंट आणि मसाविची पद्धत एवढं पुरे, कुठल्या हॉटेलात कुठला डबा ते कळवायची गरज नाही. इथे नाव दिलं नाहीस ते योग्यच, आज दिलं असतंस तर ते डबे वापरणाऱ्या बाकीच्या लोकांना दुरुस्तीच्या आधीच उघडं पाडल्यासारखं झालं असतं.

म्हादई | शुक्र, दुपारी ३:४०

माझा व्हर्च्युअल मशीनचा प्रश्न राहिला. आम्ही एक मशीन तयार करून त्याचा स्नॅपशॉट घेतो आणि त्यावरून नवीन मशिनी उभ्या करतो. पूल पूर्ण भरलेला असतानाचा स्नॅपशॉट आहे, मग तर ठीक ना?

तांबडी माती | शुक्र, रात्री ९:२५

नाही, ताई, उलट तेच जास्त नाजूक. भरलेल्या पूलचीच नक्कल झाली. चालत्या मेमरीसकट स्नॅपशॉट असेल तर दोन मशिनी एकाच अवस्थेतून उठतात आणि पुढची एन्ट्रॉपी येईपर्यंत तेच आकडे देतात. रिस्टेनपार्ट आणि यिलेक यांनी २०१० मध्ये दाखवलं की स्नॅपशॉटवरून दोनदा उठवलेल्या मशीनमधून टीएलएस सर्व्हरची डीएसए की काढता येते, कारण दोन वेगळ्या सह्यांसाठी तोच गुप्त आकडा वापरला गेला. प्लेस्टेशन ३ ची सही करायची की २०१० मध्ये गेली तीही याच जातीच्या चुकीने, तिथे तर तो आकडा कायमच एक ठेवला होता.

लिनक्स ५.१८ पासून व्हीएमजेनआयडीचा आधार आहे. हायपरव्हायझर, म्हणजे व्हर्च्युअल मशिनी चालवणारा प्रोग्राम, कर्नलला सांगतो की तुझी नक्कल झाली, कर्नल लगेच नवीन सीड घेतो. तुमचा हायपरव्हायझर ते देतो का बघा. आणि इमेज बनवताना एसएसएच होस्ट कीज, मशीन आयडी आणि सीड फाइल तिन्ही पुसून मगच बंद करा. याच कारणासाठी सिस्टिमडी डिस्कवरच्या सीडला आपणहून एन्ट्रॉपीचं श्रेय देत नाही.

दोडामार्ग रोड | शनि, सकाळी १०:००

मी मंगळवारी विचारलेल्या प्रश्नाला इतकं नीट उत्तर दिलंत त्याबद्दल देव बरें करूं सगळ्यांना. आमच्या दोन्ही दुकानांतल्या राउटरांचे कर्नल बघितले, एक ठीक आहे, एक बदलतोय. एक विचारू? मांडवीतल्या कॅसिनोंच्या मशिनी, लॉटऱ्या, त्यांचेही आकडे असेच येतात?

फोंडेकर | शनि, दुपारी १२:३०

इथल्या मशिनींच्या आत काय आहे त्यावर बोलणं बरोबर नाही, पण अमेरिकेत घडलेलं सांगतो. तिथे अनेक राज्यांची मिळून लॉटरी चालवणाऱ्या संस्थेचा सुरक्षा संचालक एडी टिप्टन यानेच आकडे काढणाऱ्या प्रोग्राममध्ये कोड घुसवला होता, वर्षातल्या ठरावीक दिवशी सोडत असेल तर सीड त्याला ओळखता येईल असं. २०१० च्या डिसेंबरमधलं हॉट लॉटोचं तिकीट त्याने स्वतः विकत घेतलेलं सीसीटीव्हीत दिसलं तिथून प्रकरण उलगडत गेलं, २०१७ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. आउटपुटच्या सगळ्या सांख्यिकी चाचण्या असा प्रोग्राम पास होतो, कारण आकडे दिसायला रँडमच असतात. म्हणून नुसतं आउटपुट तपासून प्रमाणपत्र देणं मला अपुरं वाटतं, सीड येतं कुठून ते बघितलं पाहिजे.

पेडण्याची पूर्वा | शनि, संध्याकाळी ६:४५

मी वेब डेव्हलपर आहे, होमस्टेच्या बुकिंगची साइट सांभाळते, पीएचपीत आहे. पासवर्ड रीसेटच्या लिंकचं टोकन आमच्याकडे एमटी_रँड या पीएचपीच्या फंक्शनने बनतं, जुना कोड आहे. सर्व्हर उबंटूचा, कर्नल नवा, म्हणजे ओएसची बाजू ठीक असेल तर हे चालेल ना?

तांबडी माती | शनि, रात्री ८:१०

नाही चालणार, पूर्वा. कर्नल कितीही चांगला असला तरी एमटी_रँड सुरुवातीला एकदाच ३२ बिटांचं सीड घेतो आणि पुढे स्वतःच्या गणिताने चालतो. ३२ बिट म्हणजे सुमारे ४२९ कोटी शक्यता. आकडा मोठा वाटतो, पण साध्या पीसीवर थोड्या वेळात सगळ्या तपासून होतात. हल्लेखोर स्वतःच्या खात्याचं एक टोकन मागवेल, त्यावरून सीड शोधेल आणि पुढचं दुसऱ्याचं टोकन आधीच काढून ठेवेल. सीड न शोधताही जमतं, एमटी_रँडमागच्या मर्सेन ट्विस्टर या गणिताचे ३२ बिटांचे सलग ६२४ आकडे मिळाले की पूर्ण अवस्था हातात येते. १९९५ मध्ये नेटस्केपचं एसएसएल गोल्डबर्ग आणि वॅग्नर यांनी फोडलं ते असंच, सीड फक्त वेळ आणि प्रोसेस आयडींवरून. २०२३ मध्येही लिबबिटकॉइन या बिटकॉइनसाठीच्या लायब्ररीच्या टूलमध्ये घड्याळावरून घेतलेलं ३२ बिटांचं सीड मर्सेन ट्विस्टरला दिलेलं सापडलं आणि त्यावर बनलेली लोकांची पाकिटं रिकामी झाली.

पीएचपी ७ पासून रँडम_बाइट्स आणि रँडम_इंट आहेत, ते थेट कर्नलकडून घेतात. टोकनसाठी रँडम_बाइट्सचे ३२ बाइट घे आणि हेक्समध्ये बदल. ओटीपीसाठी रँडम_इंट, आणि तिथे आकडेच मोजके असल्यामुळे किती चुका झाल्यावर बंद करायचं ती मर्यादाही घाल. साइटच्या जावास्क्रिप्टमध्ये कुठे मॅथ डॉट रँडमने काही गुप्त बनत असेल तर क्रिप्टो डॉट गेटरँडमव्हॅल्यूज वापर, पायथन असेल तर सीक्रेट्स मॉड्यूल. कोड बदलल्यावर डेटाबेसमध्ये पडून असलेली जुनी रीसेट टोकन्स आणि लॉगिन सेशन्स सगळी रद्द कर, नाहीतर जुनी टोकन्स त्यांची मुदत संपेपर्यंत चालतच राहतील.

पेडण्याची पूर्वा | शनि, रात्री ९:०२

बदल केला, टेस्ट सर्व्हरवर चालतंय. सेशन आयडी पीएचपीचेच आहेत, कोडमध्ये आणखी सहा ठिकाणी एमटी_रँड सापडला, त्यातली दोन ठिकाणं बुकिंग क्रमांकाची. क्रमांक टाकला की पाहुण्याचं नाव आणि फोन नंबर दिसतो आमच्याकडे, त्यामुळे तेही आजच बदलतेय.